एका हातानं उचलेल एवढंच छप्पर

आमच्या ह्यांचा एक नियम होता. एका हातानं उचलता येईल तेवढंच डोक्यावर असावं. ताडपत्री चालेल, शिडाचं कापड चालेल, पत्रा असला तर एकच आणि तोही खिळे न मारलेला. त्याहून जड छपराखाली हा माणूस बारा वर्षं झोपला नाही, आणि म्हणून त्यातली दहा मीही झोपले नाही. नांदेडच्या वरच्या अंगाला गोदावरीवर धरण आहे, त्याच्यामागच्या पाण्यात आम्ही होडीवर राहायचो. मी, हे, आमची लेक, एक कुत्रा आणि एक मांजर. ज्या मराठवाड्यात उन्हाळा आला की घागरींच्या रांगा लागतात तिथं आमचा संसार पाण्यावर! लोक हसायचे. हसू द्या, म्हणायचे मी. पण मनातून मलाही वैताग यायचा, खोटं कशाला बोलू.

आम्ही जातीचे सुतार. माझं माहेर नांदेडचं, सासर औशाकडच्या एका खेड्यातलं. सासरचं घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, वर सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर पांढरी माती. माळवद म्हणतात त्याला. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. त्याची डागडुजी एकच. मृग लागायच्या आधी दरसाल वर नवी माती घालायची, म्हणजे पावसात गळत नाही. जिथं गळतं तिथं दोन पाट्या जास्त. जुनी माती आधी काढावी, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आज्यानं घातली त्याच्यावर बापानं घातली, बापानं घातली त्याच्यावर लेकानं. आमच्या घरी हे शिडीवर उभे राहायचे आणि मी खालून पाट्या भरून द्यायचे. दुपारपर्यंत काम उरकायचं, मग आमरस आणि पोळ्या. मला तो दिवस आवडायचा.

भूकंप झाला तेव्हा आम्ही तिथं नव्हतो. गणपतीसाठी मी लेकीला घेऊन माहेरी आले होते. हे न्यायला आले, तर भावानं विसर्जन बघून जा म्हणून ठेवून घेतलं. पहाटे मांडणीवरची भांडी वाजली. आम्हाला वाटलं मांजर असेल. मग सकाळी रेडिओवर गावांची नावं यायला लागली, आणि सासरे तर घरी एकटेच.

दुसऱ्या दिवशी पोचलो. गाव नव्हतंच, नुसते दगडांचे ढीग. कुठलं घर कुणाचं ते कळेना. एका ढिगावर आमचा कुत्रा बसलेला दिसला. वर्षाचं पिल्लू ते, अंगणात झोपायचं म्हणून वाचलं. तो बसला होता तिथंच आम्ही उकरलं. सासरे बाजेवर होते, झोपल्या जागी. मी त्यांना मामा म्हणायचे. सून म्हणून ते मला कधी उणा शब्द बोलले नाहीत. माझ्या बापानं केलं नसतं एवढं कौतुक केलं माझं, आणि मी त्यांच्या तोंडावरची माती पदरानं पुसली.

सरकारनं पुढं नवं घर दिलं. हे दारापर्यंत गेले, वर बघितलं आणि परत फिरले. नांदेडला भावाकडं आलो, तर तिथंही स्लॅब. हे रस्त्यावर बाज टाकून झोपायचे, पायाशी कुत्रा. घरोघरी तसंच चाललं होतं तेव्हा. लातूरकडं निम्मे लोक अंगणात झोपायचे. पण बाकीचे हळूहळू आत गेले. आमचे हे गेले नाहीत.

माझा भाऊ घाटावरच्या होड्या दुरुस्त करायचा. पूल झाल्यापासून एक जुनी उतारूंची होडी काठावर उपडी पडली होती, वीसेक हात लांब, लाकूड खणखणीत. हे चार दिवस तिच्याभोवती फिरले. पाचव्या दिवशी म्हणाले, "हिच्यावर राहू."

"आणि खायचं काय? पाणी?" मी म्हटलं.

"काठानं गावं हायत. गावात औतं हायत, तिफणी हायत, बाजा हायत. मोडतच असतील की."

आणि खरंच मोडत होती, बाई! होडीच्या पुढच्या भागात हत्यारांची पेटी, मधे आम्ही, मागं स्टोव्ह आणि माझे डबे. या गावाला दोन दिवस, त्या गावाला चार. गावकरी काठावर मोडकं औत घेऊन वाट बघत थांबायचे. शीड शिकवलं ते आंध्रातून मासेमारीला आलेल्या लोकांनी. खताची रिकामी पोती उसवून, दाभणानं शिवून मी स्वतः ते शीड केलं. वारा मागं असला की शीड, समोर आला की वल्हं. नांगर म्हणून दोराला जात्याची तळी बांधलेली, आमच्याच घराच्या ढिगातून आणलेली. दगड पायाखाली असला तर ह्यांचं काही म्हणणं नसायचं.

होडीवरचं घर म्हणजे काम संपतच नाही. सकाळी उठलं की आधी तळातलं पाणी डब्यानं उपसायचं. रात्रीत झिरपतंच. मग दोर बघायचे, कुठं कुरतडलेत का. शिडाला ठिगळ. ओली वाकळ वाळत घालायची आणि वारा सुटला की धावत जाऊन धरायची. पुरात काठावरच्या चिंचेला होडी बांधून ताडपत्रीखाली भिजत बसायचं. आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की मोठं काम. होडी ओढून बाभळीखाली उपडी घालायची, सांधीतला जुना कापूस उचकटायचा, नवा कापूस राळेत भिजवून पटाशीनं ठोकायचा, वरून डांबर.

डांबर लावायच्या आधी हे जुनं डांबर खरवडायचे. थोडंथोडकं नाही, पार लाकूड दिसेपर्यंत. आठ-आठ दिवस उन्हात बसून, वाकसानं तासून, मग रंध्यानं. घाटावरचे लोक जुन्यावर नवं फासून मोकळे होत. भाऊ म्हणायचा, "दाजी, एवढं कामून तासायलाव? ऱ्हाऊ द्या की."

"जुनं काढल्याशिवाय नवं चढवायचं न्हाई," हे म्हणायचे. मला वाटायचं, कामाची शिस्त आहे माणसाची. मी ते बायकांना अभिमानानं सांगायचे, काय अक्कल म्हणावी माझी.

कुत्र्याला आम्ही नाव ठेवलं नाही. 'ये' म्हटलं की यायचा. सुरुवातीला पाण्याला भ्यायचा. होडी सुटली की हत्यारांच्या पेटीवर चढून थरथरत बसायचा आणि विधीसाठी काठ दिसेपर्यंत कळ काढायचा. तोंड असं करायचा की मला हसू आवरायचं नाही. मग सवय झाली. तळात पाणी जास्त झालं, पाय ओले झाले की भुंकायचा. त्याच्यासारखा पहारा माणसानं केला नसता. मांजर मात्र मासळीबाजारातून आपणहून चढून आली आणि मालकीण झाली. एकदा चांगला वारा सुटला म्हणून ह्यांनी शीड उलगडलं, तर आतून चार पिल्लं टपाटप लेकीच्या मांडीवर. मांजर ह्यांच्या अंगावर फिस्कारली. तीन दिवस आम्ही तिथंच थांबलो, पलीकडच्या गावात माणसं तिफणी घेऊन ताटकळली. का, तर मांजर बाळंत! असे होते आमचे हे. मुंगीच्याही वाटेला जायचे नाहीत.

लेक कमरेला दोरी बांधून वाढली. काठाकाठानं तीन शाळा झाल्या तिच्या. कंदील हलायचा, पुस्तक हलायचं, आणि ही मान हलवत पाठ करायची. दहावीला अशा काही मार्कांनी निघाली की मास्तर होडीपर्यंत चालत आले, "ताई, हिला लातूरला घाला." तेव्हा लातूरात क्लासचं पेव फुटलं होतं. साऱ्या मराठवाड्यातून पोरं तिथं चाललेली, आणि पोरांच्या मागं डबे करायला आया. खोली घ्यायची, आईनं दोन वर्षं राहायचं, लेकरानं नुसतं वाचायचं, अशी रीतच पडली होती.

"घेऊन जा," हे म्हणाले. "मी हाय इथं, होडी हाय, ही दोघं हायत." ही दोघं म्हणजे कुत्रा आणि मांजर.

"आणि तुम्ही?"

"मला न्हाई जमायचं. तुला माहीत हाय."

मी भांडले. माणसानं किती भ्यावं! साऱ्या गावानं भूकंप सोसला, लोक उभे राहिले, लग्नं झाली, लेकरं झाली, आणि हा गडी ताडपत्रीखाली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं. काय नको ते बोलले मी. ते वल्ह्याला तेल लावत बसले.

लातूरात आम्हाला मिळाली तिसऱ्या मजल्यावरची खोली. खाली क्लास, वर क्लास, समोर मेस, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. जमीन हलत नाही म्हणून मला पहिले पंधरा दिवस झोप लागली नाही. मग लागली. खरं सांगायचं तर मला ती खोली आवडायला लागली. नळ सोडला की पाणी आणि उपसायला काही नाही!

हे दर रविवारी यायचे. नांदेडहून एसटीनं निघायचे, अहमदपूरला चहा प्यायचे, दुपारी लातूरात. समोरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसायचे. लेक खाली जायची, तिला ते वाळूक नाहीतर बोरं द्यायचे, कुत्र्यामांजराची खबर सांगायचे. मी डबा खाली न्यायचे. तासाभरानं परतीची गाडी. वर एकदाही नाही. घरमालकीण मला विचारायची, "भांडण हाय का हो तुमचं?"

बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर लेकीचं काहीतरी बिनसलं. परीक्षेत मार्क घसरायला लागले. खोलीत बसेना. जिन्यात पायरीवर पुस्तक घेऊन बसायची, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय अंगावरून जायचे.

"अगं, आत बस की. एवढं भाडं कशाला भरायलोय आपण?"

"इथं बरं वाटतंय."

दोन-तीन वेळा विचारलं, मग एकदम रडायलाच लागली. "आई, बाबा वर कामून येत न्हाईत? ते सुतार हायत. त्यांना छपरातलं कळतंय. काहीतरी माहीत असंल म्हणूनच येत न्हाईत ना? मला पडल्या पडल्या तो स्लॅब खाली आल्यागत दिसायलाय."

माय वो!  त्या रविवारी मी डबा नेलाच नाही, तशीच बाकड्यापाशी गेले. "ऐका," म्हटलं. "तुमची भीती तुमच्यापाशी होती तवर मी दहा वर्षं पाणी उपसलं. आता ती लेकरानं घेतलीय. परीक्षा दोन-अडीच महिन्यांवर आलीय. तुम्ही एकदा वर येऊन बसा, तिच्यासमोर, त्या छताखाली. न्हाई आलात तर पोरगी जिन्यातच बसून राहील, आणि मग ना तिचं शिक्षण ना आपला संसार."  ते बोरांची पिशवी बाकड्यावर ठेवून स्टँडकडं चालायला लागले. पुढचे दोन रविवार आलेच नाहीत.

संक्रांतीच्या सुमाराला घरमालकिणीच्या फोनवर भावाचा निरोप आला, होडीत पाणी शिरलंय, ये. मी सकाळच्या गाडीनं गेले. होडी काठाजवळ उथळ पाण्यात बसली होती, निम्मी पाण्याखाली. हत्यारं, वाकळा, माझे डबे काठावर पसरलेले. मांजर शिडाच्या वाशाला चढून बसलेली, खाली यायला तयार नाही. कुत्रा आता म्हातारा झाला होता, चिखलात उभा राहून होडीकडं बघत होता. त्यानंच भुंकून ह्यांना उठवलं होतं.

भावानं मला तळाची फळी दाखवली. बोट टेकवलं तर आत गेलं. "ताई, ही फळी दोन बोटं जाड होती. दाजींनी बारा सालं तासून तासून पापड केलाय हिचा. डांबर खरवडायचं म्हणून लाकूडच खरवडायलेत. सुताराला कळू नये व्हय?"

भाऊ गेल्यावर हे बाभळीखाली बसले. दुपारचं ऊन होतं. मी बाजूला बसले आणि विचारलं, "का हो केलंत असं?"

 ते म्हणाले, "चढवत गेलं की वजन वाढतंय."

"कशाचं?"

"अण्णाच्या बाजेवर गळायलं होतं," ते म्हणाले. अण्णा म्हणजे त्यांचे वडील. "त्या साली मी तिथं पाच पाट्या जादा घातल्या. नेमक्या तिथं. भिंती तर सगळ्यांच्याच पडल्या, पण आपण उकरलं तवा बघितलंस ना, बाजेवर किती माती होती. दगड न्हवते, मातीच होती. माझ्या हातची."

म्हणजे भीती नव्हतीच ती. बारा वर्षं मी ह्या माणसाला भित्रा म्हणत होते. आणि मला त्या पाच पाट्या चांगल्या आठवत होत्या. मला बोलायला हवं होतं तेव्हाच.   पण मी उठले, मांजरीला वाशावरून काढलं, तिनं माझा हात ओरबाडला, आणि संध्याकाळच्या गाडीनं लातूरला परत आले. 'अति तिथं माती' अशी म्हण आहे ना आपल्यात, ती मी त्या दिवसापासून तोंडातून काढली नाही.

आठवड्यानं, शनिवारी, लेक क्लासला गेलेली असताना खाली टेंपो थांबला. खुर्च्या लादलेल्या, आणि खुर्च्यांमधून उतरले आमचे हे, काखेत कुत्रा आणि हातात तोंड बांधलेल्या टोपलीत मांजर. टपरीकडं गेले नाहीत. सरळ जिना चढायला लागले. पहिल्या मजल्यावर थांबले, दुसऱ्यावर थांबले. घामानं सदरा भिजलेला. आमच्या दारात न थांबता तसेच वर गेले, पार गच्चीवर. मी मागोमाग.

गच्चीवर पोरांचे कपडे वाळत होते, पाण्याची टाकी होती. हे कोपऱ्याकोपऱ्यानं चालले, वाकून बघत, बोटांनी वाजवत. घरमालकीण धावत आली. "काय बघायलाव हो?"

"वर माती घालता का दरसाल?"

"माती? कशाला? त्या दोन कुंड्या हायत तुळशीच्या, तेवढ्याच."

हे कुंडीपाशी गेले. एका हातानं उचलून बघितली. खाली ठेवली. मग दुसरी उचलली. घरमालकीण माझ्याकडं बघून डोक्याला बोट लावून गेली. गच्चीवर आम्ही दोघंच राहिलो, आणि मला वाटलं, आता नाही बोलले तर मेल्यावरच.

"त्या पाच पाट्या," मी म्हटलं, "मी सांगितल्या होत्या. तुम्ही बास म्हणत होता. मीच म्हटलं, मामांच्या अंगावर गळतंय, लाज वाटत न्हाई का, अजून घाला. भरूनही मीच दिल्या."

ते कुंडी सरळ करत होते. मान वर न करता म्हणाले, "माहीत हाय की."

"माहीत हाय? मग बारा वर्षांत एकदा तरी बोलायचं!"

"तू इसरून गेली होतीस. पडलं की झोप लागायची तुला, होडीत बी. म्हटलं, एकाची झोप गेली तेवढी बास. दोघांची कशाला?"

आणि मग खाली आले. दारात चप्पल काढली, आत पाऊल टाकलं, वर बघितलं. लेक क्लासहून आली तेव्हा बाप भिंतीला टेकून छताखाली बसला होता, कुत्रा उंबऱ्यावर, मांजर तिच्या पुस्तकांवर. ती दप्तर घेऊन दारातच उभी राहिली. "बाबा," म्हणाली, "कसं हाय हो हे छत?"

"चांगलं हाय," ते म्हणाले. "मी वर जाऊन बघून आलोय. बस वाचायला."

ती बसली. तो दिवस आणि परीक्षा संपेपर्यंतचे सगळे दिवस ती आतच बसली. हे तिथंच आडवे झाले, जरा अंग टेकतो म्हणून, आणि झोपले. दुपारभर झोपले, तोंड उघडं टाकून, घोरत. लेक त्यांच्या घोरण्यात पाठ करत होती. मीही पलीकडं चटई टाकली आणि डोळे मिटले. मग उघडले. आणि वर बघत राहिले.